लेप आणि डाग

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पायांच्या भेगा, चिखल्या, कुरूप, चाई, डोक्यातील कोंडा, तारुण्यपीटिका अशा, माणसाला मारीत नाहीत पण स्वस्थही बसू देत नाहीत, त्या बारीकसारीक व्याधींच्या पंक्तीत आचार्यांनी ‘व्यंग’ म्हणजे आपल्या घरांतून ज्याला वांग म्हणतात तो गालांवरील काळपट डाग बसविला आहे. क्रोधाने आणि श्रमाने प्रकुपित झालेला वायू पित्ताशी मिळून मुखावर येतो आणि न दुखणारे, पातळ, सावळे मंडल एकाएकी उत्पन्न करतो, असे त्याचे निदान त्यांनी सांगितले. आधुनिक वैद्यक याच डागाचे मूळ गर्भारपणातील अंतःस्रावांत, आनुवंशिकतेत आणि उन्हात शोधते. त्यात क्रोधाला जागा उरलेली नाही. पण भाताच्या लावणीपासून खळ्यापर्यंत उघड्यावर राबणाऱ्या स्त्रीच्या गालफडांवर आणि कपाळावर डाग नेमका कोठे उमटतो हे ज्याने पाहिले आहे, तो श्रमाला त्या निदानातून सहजासहजी वगळणार नाही.

शास्त्राने व्याधी क्षुद्र ठरविली खरी; परंतु तिच्यावरील लेपांची लांबलचक यादी पाहिली म्हणजे वैद्याच्या दारी येणाऱ्या माणसाने ती कधीही क्षुद्र मानली नव्हती, हे उघड होते. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात वाग्भटाने वांगासाठी अर्जुनसालीचा किंवा मंजिष्ठेचा मधातील लेप सांगितला आहे, आणि त्याच दमात पांढऱ्या घोड्याचा खूर जाळून केलेली मषी लोण्यात कालवून लावावी, असेही सांगून ठेवले आहे. सरदारांच्या पागेत हा पदार्थ दुर्मिळ नसेल. ज्या गावात पाटलाच्या दारीसुद्धा एखादेच तांबडे तट्टू बांधलेले असे, तेथील बाईने काय करावे, याचा विचार ग्रंथकाराला पडलेला दिसत नाही. सुदैवाने त्याच ठिकाणी दुसरा, अधिक परवडणारा योगही आहे: रक्तचंदन, मंजिष्ठ, कोष्ठ, लोध्र, गव्हला, वडाचे कोवळे अंकुर आणि मसूर. यांतील मसूर स्वयंपाकघरात होती आणि वड वेशीवर होता, म्हणून तेवढे दोन पदार्थ घराघरांत टिकले.

त्यांच्या जोडीला भावप्रकाशकारांनी सांगितलेले जायफळ आले आणि त्याने बाकीच्या सर्वांना मागे सारले. सहाणेवर न तापविलेल्या दुधाचे चार थेंब टाकावेत, अखंड जायफळ चंदनासारखे फिरवीत राहावे, उगाळ दाट तपकिरी होऊन सहाणेच्या काठाशी जमू लागला की अनामिकेने तो नेमका डागावर, कडेच्या निरोगी कातडीला न लागू देता, बसवावा, आणि चेहरा ताणू लागेपर्यंत बोलू नये, हा विधी बाळंतिणीच्या खोलीत सासूकडून सुनेकडे गेला. त्याने डाग जात असे, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुष्कळ स्त्रियांचा वांग आपोआप फिका होतो, आणि त्याचे श्रेय जायफळाच्या पदरी पडत आले. परंतु या सर्व योगांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मंजिष्ठ म्हणजे रंगाऱ्याची मंजिष्ठ. तिच्याच मुळांनी कापड तांबडे रंगवीत. रक्तचंदनही रंगच देते. लेप धुतल्यावर गालावर जी किंचित तांबूस झाक राहत असे, ती औषधाचा गुण होती की रंगाचा थर, हा प्रश्न वैद्याने विचारला नाही आणि रुग्णानेही विचारला नाही. बरे करणे आणि रंगविणे ही दोन कामे निराळी आहेत, ही कल्पनाच मुळी फार अलीकडची आहे.

पांढऱ्या डागांच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलासावर, म्हणजे कोडावर, लागोपाठ दोन सूक्ते आहेत. त्यांतील मंत्रद्रष्टा रात्री उगवलेल्या, काळ्या, रंग देणाऱ्या वनस्पतीला हाक मारतो; डाग नाहीसा कर आणि त्वचेला तिचा स्वतःचा वर्ण परत दे, अशा दोन्ही मागण्या तो एका श्वासात करतो, आणि जाता जाता पिकलेल्या केसांचीही तीच व्यवस्था लावण्यास तिला सांगतो. केसांचा कलप आणि कोडाचे औषध यांची अशी एकत्र याचना ज्या काळात निःसंकोच होत होती, त्या काळाला आपल्यापेक्षा ढोंग कमी ठाऊक असावे.

चरकाच्या चिकित्सास्थानात याच रोगाला एक विलक्षण उपचार सांगितला आहे. रुग्णाला स्नेहपान देऊन मलपूचा, म्हणजे एका रानउंबराचा, रस गुळाबरोबर पाजावा, आणि मग त्याने सोसेल तितके ऊन अंगावर घ्यावे. डागावर फोड आले तर ते काट्याने फोडून आतील पाणी काढावे. पुढे वैद्यांच्या हाती बावची स्थिर झाली. तिच्या काळ्या, वाटाण्याहून कितीतरी लहान, उग्र वासाच्या बिया गोमूत्रात भिजवून, वाटून डागावर लावावयाच्या आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात बसावयाचे, हा उपचार गावोगावच्या वैद्यांना माहीत होता. उन्हाचा अंदाज चुकला की फोड येत, आणि ते औषध लागू पडल्याची खूण समजले जात. औषध आणि सूर्य यांची ही जोडी कशी जमली, याचा उलगडा व्हावयास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

पण चरकानेच कोडाच्या कारणांची जी यादी दिली, तिने रुग्णाचे नुकसान बावचीच्या फोडांहून अधिक केले. असत्य भाषण, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचे कर्म आणि शेवटी विरुद्ध आहार! मनुस्मृतीने वधू कोणत्या कुळातून करू नये हे सांगताना क्षयी व अपस्मारी यांच्या बरोबरीने श्वित्री, म्हणजे कोड असलेल्या, आणि कुष्ठी कुळांचाही निषेध केला. म्हणजे डाग एकट्याचा न राहता कुळाचा झाला, आणि तो लपविण्याचे काम रुग्णाकडून घराकडे गेले. थोरल्या मुलीच्या कानामागे पांढरा ठिपका दिसला तर धाकटीचे लग्न जमेपर्यंत तो पदराआड राहावा, ही दक्षता आपल्या समाजात इतकी सामान्य होती की तिची नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही. सोयरिकीच्या वाटाघाटीत हुंडा, मानपान आणि पत्रिका यांची चर्चा उघड होई. डागाची चौकशी होई ती मात्र परटिणीकडून किंवा कासारणीकडून.

कोड आणि कुष्ठ यांची ही सांगड पुढे सरकारी दप्तरातही शिरली. इंग्रजी अमदानीत खानेसुमारी सुरू झाली तेव्हा व्यंगांच्या रकान्यात कुष्ठी लिहिताना गणक पांढऱ्या डागांची माणसेही बेलाशक त्यातच घालू लागले; ते आकडे फुगलेले आहेत हे ध्यानात आल्यावर केवळ पांढरे चट्टे असणाऱ्यांस कुष्ठी म्हणून नोंदू नये, अशी स्पष्ट ताकीद गणकांना द्यावी लागली. १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्याने भीक मागत फिरणाऱ्या निर्धन कुष्ठ्याला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला, पण तो खरोखर कुष्ठी आहे असा दाखला नेमलेल्या वैद्यकीय निरीक्षकाने द्यावा अशी अटही घातली. त्या अटीचे महत्त्व कोड असलेल्या भिकाऱ्यालाच कळले असेल. वास्तविक दोहोंतील भेद ओळखण्यास फार विद्या लागत नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि डोळे मिटवून त्यावर कापसाची वात फिरविली तर रुग्णाला ती बहुधा कळत नाही. कोडाच्या डागाला स्पर्श पूर्ण शाबूत असतो, रंग तेवढा गेलेला असतो. कोड कोणाला लागत नाही, आणि शरीराच्या इतर व्यापारांत त्या डागाने अडथळा येत नाही.

रसायनशास्त्रज्ञांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कलकत्त्यात चोप्रा आणि चटर्जी यांनी १९२७ साली बावचीच्या घटकांचा व गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला; १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव यांनी तिच्या बियांतून सोरॅलेन हे द्रव्य वेगळे काढले. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रोपट्याची पूड खाऊन उन्हात बसण्याची परंपरा होती, जिची नोंद तेराव्या शतकात इब्न अल्-बैतारने केलेली आहे. १९४७ च्या सुमारास त्या रोपट्यातूनही सोरॅलेनच्याच कुळातील द्रव्ये निघाली आणि कैरोच्या डॉ. एल्-मोफ्ती यांनी ती कोडावर वापरली. ही द्रव्ये त्वचेला अतिनील किरणांविषयी हळवी करतात, हे चरकाच्या उन्हाचे आणि फोडांचे स्पष्टीकरण होय. दिल्लीत डॉ. बेहल यांनी १९६४ साली निरोगी त्वचेचा अतिशय पातळ पापुद्रा डागावर बसविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

झाकण्याची साधने मात्र दवाखान्यातून न येता नाटकगृहातून आणि दुकानातून आली. सफेदा, पिवडी आणि हिंगूळ यांनी नटांचे चेहरे रंगत. यांपैकी सफेद्यात शिसे आणि हिंगुळात पारा असे; हे ठाऊक नसल्यामुळे वा असूनही ते वापरले जात. मुंबईत १९१९ साली पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला, आणि स्नो-पावडरीची डबी मध्यमवर्गीय घरातील आरशाखालच्या फळीवर स्थिरावली. ती सौंदर्यासाठी आहे असे सांगितले जाई. ज्या घरात डाग होता तेथे ती कशासाठी आहे, हे सर्वांना कळत असे.

याच बाजाराने डाग उत्पन्नही केले. अमेरिकेत १९३९ साली कातडी कमावण्याच्या एका कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठल्याचे उघडकीस आले. त्यांच्या रबरी हातमोज्यांतील एका रसायनाने रंगपेशी मारल्या होत्या. आपल्याकडे कुंकवाच्या करंड्याची आणि मेणाची जागा चिकट टिकलीने घेतली तेव्हा तोच प्रकार कपाळावर झाला. टिकलीच्या मागील डिंकातील ब्युटिल-फिनॉल जातीच्या द्रव्याने कित्येक स्त्रियांच्या भुवयांमध्ये टिकलीच्याच आकाराचा, तितकाच गोल पांढरा डाग उमटला, आणि तो झाकण्यासाठी त्या अधिक मोठी टिकली लावू लागल्या. वांगाच्या बाबतीतही निराळे घडले नाही. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचविले; ते वैद्याच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरावयाचे होते. आपल्याकडे त्याच्या धर्तीची ‘ट्यूब’ मेडिकलच्या दुकानात मैत्रिणीच्या सांगण्यावरून मिळू लागली. पहिल्या महिन्यात चेहरा खुलतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, ट्यूब बंद करताच चेहरा लाल होऊन जळजळतो, आणि वांग पहिल्याहून गडद होऊन परत येतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. दुकानदाराला मनाई आहे, हे गिऱ्हाईकही जाणते.

‘सफेद दाग’ हमखास घालविण्याच्या जाहिराती रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या शेवटच्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्या झळकत आल्या आहेत. ज्या रोगांवरील अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी केली त्यांच्या परिशिष्टात कोडाचे नाव आहे, कुष्ठाच्या अगदी शेजारी.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी या शतकाच्या आरंभी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन ही संस्था काढली. तिच्या कामात सल्ला आणि समुपदेशन यांच्याबरोबर वधू-वर मेळाव्यांचाही समावेश झाला, यात मनूने घातलेल्या गाठीची जाण आहे. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट आला. त्याची नायिका कोड असलेली तरुण डॉक्टर आहे, आणि चित्रपटाचा बराचसा भाग ती एका मोठ्या घराच्या ओसरीवर, माजघरात, जेवणाच्या पंगतीत वावरत असताना त्या घरातील माणसे तिच्याकडे कशी पाहतात, यातच खर्च होतो.