रूथ नुसेन्झ्वाइग

रूथ नुसेन्झ्वाइग (माहेरचे आडनाव झोन्ताग, जन्म : २० जून १९२८, व्हिएन्ना, मृत्यू : १ एप्रिल २०१८) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या ब्राझिली वैद्यक व परजीवीशास्त्रज्ञ होत्या. क्ष-किरणांनी दुर्बल केलेले हिवतापाचे परजीवी टोचले असता उंदरांना त्या रोगापासून संरक्षण मिळते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सिद्ध केले. हिवतापावर लस शोधणे व्यर्थ आहे, असे मत तोवर अनेक तज्ज्ञ बाळगून होते. आज वापरात असलेल्या दोन्ही हिवताप-लशींचे मूळ या संशोधनात आहे. त्यांपैकी एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

जीवन

रूथ यांचे आईवडील दोघेही डॉक्टर होते. कुटुंब ज्यू असल्याने १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना देश सोडावा लागला व ते ब्राझीलमध्ये आश्रयास गेले. साओ पाउलो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना रूथ यांची व्हिक्टर नुसेन्झ्वाइग यांच्याशी ओळख झाली. पुढे ते त्यांचे पती व आयुष्यभराचे सहसंशोधक झाले. दक्षिण अमेरिकेतील शागास रोग रक्त चढवण्यातूनही पसरतो. साठवलेल्या रक्तात जेन्शन व्हायोलेट मिसळल्यास त्या रोगाचे परजीवी मरतात, हे या दोघांनी सहकाऱ्यांसह १९५३ मध्ये दाखवले. जुन्या पिढीतील वाचकांना हे जांभळे औषध गुडघ्याच्या खरचटण्यावर लावलेले आठवत असेल. ब्राझीलमधील रक्तपेढ्यांनी ही पद्धत पुढे अवलंबिली.

पॅरिसमध्ये काही काळ काम केल्यावर हे दांपत्य न्यूयॉर्क विद्यापीठात आले. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर तेथे स्थिरावण्याचा बेत मागे पडला. रूथ यांचे हिवतापावरील बहुतेक सर्व काम न्यूयॉर्कमध्येच झाले.

हिवतापाच्या प्रतिकारशक्तीचा प्रश्न

देवी किंवा गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. हिवतापाचे तसे नाही. आफ्रिकेत जेथे हा रोग बाराही महिने असतो, तेथे लहान मुले त्याला बळी पडतात. वारंवार लागण होऊन वाचलेल्या प्रौढांना मात्र ताप सौम्य येतो. ही प्रतिकारशक्ती अपुरी असते आणि ती व्यक्ती हिवतापरहित प्रदेशात राहू लागली की ओसरते. इयन मॅकग्रेगर व सिडनी कोहेन यांनी १९६१ मध्ये गांबियातील प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातील परजीवींची संख्या झपाट्याने घटली. म्हणजे शरीर परजीवीशी लढू शकते; पण हा लढा रक्तात, रोग सुरू झाल्यानंतरचा होता.

परजीवी शरीरात शिरतो तो मात्र निराळ्या रूपात. ॲनोफेलीस जातीची मादी चावताना तिच्या लाळेतून सुतासारखे बारीक स्पोरोझोइट त्वचेत सोडले जातात. त्यांची संख्या बहुधा काही डझनच असते. तासाभराच्या आतबाहेर ते यकृतात पोचतात. तेथे एकेका स्पोरोझोइटपासून हजारो नवे परजीवी तयार होऊन रक्तात उतरतात व तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. स्पोरोझोइटना यकृतातच अडवता आले, तर रोगही होणार नाही आणि त्या माणसापासून पुढच्या डासाला लागणही होणार नाही. प्रश्न इतकाच, की एवढ्या अल्प काळात शरीराने त्यांना ओळखावे कसे?

१९६७ चा प्रयोग

या दिशेचा पहिला प्रयत्न भारतात झाला होता. १९४१ मध्ये मलिगन, रसेल व मोहन यांनी मृत स्पोरोझोइट टोचून कोंबड्यांमध्ये काही प्रमाणात प्रतिकारशक्ती निर्माण केली. पुढे युद्ध, डीडीटी आणि क्लोरोक्वीन यांमुळे लशीचा विषय मागे पडला. औषधाने व फवारणीने हिवताप जगातून नाहीसा होईल, असाच तेव्हा विश्वास होता.

रूथ नुसेन्झ्वाइग यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांना होणारा प्लास्मोडियम बर्घी हा परजीवी निवडला. त्यांचे सहकारी जेरोम व्हँडरबर्ग डासांचे काम पाहत. डासांच्या लाळग्रंथींतून काढलेल्या स्पोरोझोइटवर क्ष-किरण सोडून ते उंदरांना टोचले गेले. पुढे त्याच उंदरांना सशक्त स्पोरोझोइट दिले, तेव्हा त्यांतील बहुतेकांना लागण झाली नाही. किरणांच्या मात्रेत सारे मर्म होते. ती कमी पडली तर उंदराला हिवताप होई. अति झाली तर संरक्षण मिळत नसे. योग्य मात्रेने दुर्बल झालेला परजीवी यकृताच्या पेशीत शिरतो, जिवंत राहतो, पण त्याची वाढ तेथेच खुंटते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत डेव्हिड क्लाइड यांच्या गटाने मेरिलँडमध्ये किरणोत्सर्गित डास स्वयंसेवकांना चाववून माणसातही हे संरक्षण मिळते, हे दाखवले. परंतु शेकडो डास चाववून घेणे ही काही लसीकरणाची रीत होऊ शकत नाही.

परजीवीचे वेष्टन

संरक्षण मिळालेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात स्पोरोझोइट ठेवला, तर त्याच्याभोवती साका जमून मागे शेपटीसारखा लोंबत राहतो. प्रतिपिंडे स्पोरोझोइटच्या पृष्ठभागावरील कशाला तरी चिकटत होती, हे त्यावरून उघड होते. १९८० मध्ये नुसेन्झ्वाइग दांपत्याच्या प्रयोगशाळेने एकजिनसी प्रतिपिंडे वापरून तो पदार्थ शोधला. ते सर्कमस्पोरोझोइट प्रथिन होय. केवळ ही प्रतिपिंडे दिली तरी उंदीर वाचत. मानवी परजीवी प्लास्मोडियम फाल्सिपेरम याच्या या प्रथिनात चार अमिनो आम्लांचा एकच गट सुमारे चाळीस वेळा पुनरावृत्त होतो, हे १९८४ मध्ये जनुकाच्या अभ्यासातून कळले. प्रतिपिंडांखेरीज यकृतातील परजीवीविरुद्ध टी-पेशींचाही वाटा असतो, हे याच गटाने १९८७ मध्ये दाखवले.

याच सुमारास एक वाद उद्भवला. लस तयार करण्यासाठी पुढे आलेल्या जेनेनटेक या अमेरिकन कंपनीने विक्रीचे अनन्य हक्क मागितले. संशोधनास जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा होता आणि अनन्य हक्कांना तिची हरकत होती. तेव्हा कंपनीने माघार घेतली. गरिबांच्या रोगावरील औषध कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही.

लस

या प्रथिनाचा पुनरावृत्त भाग यकृतदाह-ब विषाणूच्या प्रथिनाला जोडून आरटीएस,एस ही लस बनवली गेली. सात आफ्रिकी देशांतील चाचण्यांनंतर मलावी, घाना व केनिया येथे २०१९ मध्ये तिचा पथदर्शी वापर सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. तिच्या चार मात्रांनी चार वर्षांत हिवतापाचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. गोवराच्या लशीच्या मानाने हे यश तोकडे आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याच तत्त्वावर आर२१ लस तयार केली. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली व तिचे उत्पादन सीरम इन्स्टिट्यूट करते. लशीमुळे मच्छरदाणी, फवारणी व औषधे यांची गरज संपत नाही.

डास-नियंत्रणातील उपयोग

या संशोधनाचा दुसरा उपयोग फारसा सांगितला जात नाही. पूर्वी डास संसर्गित आहे की नाही, हे पाहण्यासाठी एकेका मादीच्या लाळग्रंथी सुईने सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासाव्या लागत. स्पोरोझोइट दिसला तरी तो हिवतापाच्या कोणत्या परजीवीचा, हे त्यावरून कळत नसे. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने सर्कमस्पोरोझोइट प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी संसर्गित डास ओळखण्याची रीत दिली. कुटलेल्या, वाळवलेल्या डासांवरही ही तपासणी करता येते व परजीवीची जातही समजते. कोणत्या जातीचा डास रोग पसरवतो हे ठरले, की कोणते पाणी झाकायचे किंवा उपसायचे हेही ठरते. भारतात ग्रामीण भागात ॲनोफेलीस क्युलिसिफॅसीस, तर मुंबईसारख्या शहरांत विहिरी व गच्चीवरील टाक्यांत वाढणारा ॲनोफेलीस स्टीफेन्सी हा मुख्य वाहक आहे.

सन्मान व कुटुंब

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर रूथ नुसेन्झ्वाइग यांची निवड झाली. त्यांचे पुत्र मिशेल व आंद्रे हे दोघेही जीववैद्यकातील संशोधक असून, मिशेल यांचे प्रतिपिंडांवरील काम प्रसिद्ध आहे.