ताम्रपटांतून उलगडणारे वर्ध्याचे प्राचीन शिवार

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट परिसरात जांब येथे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. इ. स. ५ व्या शतकातील हे दानपत्र त्याच्या राज्यकालाच्या दुसऱ्या वर्षी नंदिवर्धन येथून दिले गेले असून त्यात कोथुरक हे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. अशा ताम्रपटांचा उपयोग प्रामुख्याने राजांची वंशावळ व कालक्रम ठरविण्यासाठी होत आला. प्राचीन भूमिवापराचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला मात्र त्यांतील चतुःसीमा अधिक मोलाच्या वाटतात. कोथुरक हे उमा नदीच्या पश्चिमेस, चिंचापल्लीच्या उत्तरेस, बोंथिकवाटकाच्या पूर्वेस आणि मण्डुकिग्रामाच्या दक्षिणेस असल्याचे या ताम्रपटात स्पष्ट नमूद आहे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचे संपादन करताना ही नावे नकाशाशी ताडून पाहिली. त्यांचा हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. उमा म्हणजे वणा नदी, मण्डुकिग्राम म्हणजे मांडगाव आणि चिंचापल्ली म्हणजे चिचोली, असे त्यांनी सुचविले. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट पुण्यात मिळाला असला, तरी त्यातील दंगुण हे गाव म्हणजे हिंगणघाट होय, असेही मिराशी यांचे मत होते. ताम्रपट सापडतो ते ठिकाण आणि दान दिलेली जमीन ही वेगवेगळी असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

या सीमांवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कोथुरकाच्या एका अंगाला नदी, तर उरलेल्या तिन्ही अंगांना नाव असलेल्या वस्त्या होत्या. म्हणजे दान दिलेला हा भाग निर्जन रान नव्हता. वणेकाठचा हा पट्टा त्या काळीच वसलेला होता. वाकाटक दानपत्रांतील सवलतींची यादीही अशीच बोलकी आहे. दूध, फुले, गाई-बैल, चराई, कातडी, कोळसा आणि मीठ यांवरील राजाचे हक्क दान घेणाऱ्यासाठी सोडून दिलेले आढळतात. शेतीबरोबरच गुराखी, चर्मकार, कोळसा पाडणारे यांचे जीवन या भूमीवर अवलंबून होते, हे त्यातून सूचित होते.

इतिहासकार रामशरण शर्मा यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भूमिदानांतून भारतीय सरंजामशाही उदयास आल्याची मांडणी केली. तिच्यावर पुढे दीर्घकाळ वाद झाला. परंतु त्या वादात बहुतांश पुरावा लेखांचाच होता. दानानंतर गावे वाढली की ओस पडली, नवी जमीन लागवडीखाली आली की नाही, याचे उत्तर ताम्रपट देत नाहीत; ते मातीतच शोधावे लागते. जेसन हॉक्स व रिझा अब्बास यांनी विदर्भातील भूमिदाने आणि वसाहती यांच्या संबंधाचा विचार याच दिशेने केला.

जिल्ह्यात या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ म्हणजे धाम नदीकाठचे पवनार. १९६७ साली नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी तेथे उत्खनन केले. मिराशी यांच्या मते प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर ती हीच. राज्यवर्ष ११ चा बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनाहून, तर राज्यवर्ष १८ चा चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे. तेव्हा राजधानी या दरम्यान हलली असावी. काही संशोधक मात्र प्रवरपुराचे स्थान रामटेकजवळील मानसर येथे मानतात. विनोबा भावे यांच्या पवनार आश्रमाच्या परिसरात भरतभेटीचे शिल्प व अन्य प्राचीन मूर्ती मिळाल्या, हे सर्वश्रुत आहे.

तथापि केवळ राजधानीच्या उत्खननाने शिवार कळत नाही. त्यासाठी गावोगाव पायी फिरून खापरे, विटा, जुनी तळी आणि नदीपात्राचे बदल यांची नोंद घ्यावी लागते. या कामी मराठी मुलखातील ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा जुना भेद उपयोगी पडतो. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण व पडक्या भिंतींची माती साचून पांढरी बनते. ओसाड पांढरीचे टेकाड हा हरवलेल्या गावाचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो.

हाच पुरावा सर्वाधिक धोक्यात आहे. घरबांधणीसाठी किंवा शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती उचलण्याची रीत जुनी आहे. यंत्रांमुळे मात्र अख्खे टेकाड अल्पावधीत सपाट होऊ शकते. ताम्रपट संग्रहालयात सुरक्षित राहतो, पण त्यात वर्णिलेली भूमी नांगराखाली जाते. संरक्षित स्मारकांच्या यादीत राजधान्या व मंदिरे येतात. कोथुरकासारखी साधी गावे क्वचितच येतात. त्यांच्या पांढरींची गावनिहाय नोंद टेकाडे सपाट होण्यापूर्वीच व्हायला हवी, अन्यथा ५ व्या शतकातील या शेतकरी वस्त्यांची केवळ नावेच उरतील.