विद्यार्थ्याचे चार प्रत्यय : शिष्यवृत्तीपासून हक्कापर्यंत

भिक्खुजीवनाला आवश्यक असलेल्या चार गोष्टींना पालि वाङ्मयात 'पच्चय' अशी संज्ञा आहे. चीवर, पिण्डपात, सेनासन आणि गिलानपच्चयभेसज्ज, म्हणजेच वस्त्र, अन्न, निवास आणि औषध, हे ते चार प्रत्यय होत. त्यांची विवंचना मिटल्यावाचून अध्ययनाला स्थैर्य येत नाही, हे भिक्खुसंघाने प्रारंभापासून ओळखले होते. श्रावस्तीच्या अनाथपिण्डिकाने दिलेले जेतवन हे मूलतः निवासाचे दान होते. पुढे सातव्या शतकात नालंदा येथे राहून गेलेल्या ह्युएनत्संगाच्या चरित्रात तेथील व्यवस्थेचे वर्णन आढळते. राजाने शंभर गावांचे उत्पन्न महाविहाराला लावून दिले होते. त्या गावांतील दोनशे कुटुंबे दररोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत असत. त्यामुळे विद्यार्थ्यांना चार प्रत्ययांसाठी याचना करावी लागत नसे, आणि त्यांच्या विद्येच्या पूर्णतेचे कारण हेच होते, असा चरित्रकाराचा अभिप्राय आहे.

आधुनिक महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाच्या शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शाळेचे दार उघडणे ही एक गोष्ट. त्या दारातून आत गेलेले मूल शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकणे ही निराळी गोष्ट. या दोहोंमधील अंतर शिष्यवृत्तीने आणि वसतिगृहाने तोडले. परंतु हे साहाय्य कोणी दिले, कोणत्या अटीवर दिले आणि ते केव्हा खंडित झाले, या प्रश्नांची उत्तरे पाहिल्यावाचून त्याचे खरे मोल कळत नाही.

दार बंद होते तेव्हा

1856 साली धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला केवळ जातीमुळे प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली. एका मुलासाठी इतर सर्वांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोगच उरणार नाही, अशी भूमिका घेऊन सरकारने त्याची मागणी फेटाळली. सरकारी शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व पुढे मान्य झाले; पण कागदावरील तत्त्वाने मुलाच्या पोटात अन्न जात नाही आणि हातात पाटीही येत नाही.

ही उणीव महात्मा जोतीराव फुले यांनी अचूक हेरली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांच्या वाटपाचा प्रश्न उपस्थित केला. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत वरकरणी न्याय्य दिसते, परंतु ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसारच झालेला नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिष्यवृत्ती हे हुशारीचे बक्षीस मानावे की विषमता दूर करण्याचे साधन, हा वाद आजही चालतो. जोतीरावांनी त्याचे उत्तर एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

दोन देणग्या

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1880च्या दशकाच्या प्रारंभीच आपल्या संस्थानात अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या. त्यांच्या शिष्यवृत्तीचा सर्वांत मोठा परिणाम मात्र परळच्या चाळीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या जीवनात घडून आला. भीमराव आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च सुभेदार रामजींना झेपेनासा झाला, तेव्हा याच केळुसकरांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एकाच व्यक्तीने दिलेल्या या दोन देणग्यांपैकी एक विद्येकडे घेऊन गेली आणि दुसरी धम्माकडे.

तथापि पहिले साहाय्यकर्ते रामजीच होते, हे विसरून चालणार नाही. मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी ते विवाहित मुलींकडे जाऊन पैसे मागत. पैसे नसले तर त्यांचा दागिना गहाण ठेवीत. संस्थानाचा 25 रुपयांचा आधार येईपर्यंत या विद्यार्थ्याला शाळेत टिकवून धरले ते एका निवृत्त सैनिकाने आणि त्याच्या लेकींनी. शिष्यवृत्तीच्या इतिहासात अशा लेकींची नोंद सहसा होत नाही.

1913 साली सयाजीरावांनी भीमरावांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठविले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, अशी करारात अट होती. कोलंबिया विद्यापीठातील त्या वर्षांनी काय घडविले, ते वाचकांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या दोन घटना मात्र अधिक विचार करायला लावणाऱ्या आहेत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. आणि करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले, तेव्हा ज्या राज्याने त्यांच्या शिक्षणावर द्रव्य खर्च केले होते त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीत शिपाई कागद दुरून टेबलावर टाकीत.

राजाची सद्भावना खरी होती, पण ती त्याच्या कारकुनांपर्यंत आणि नगरीपर्यंत पोहोचू शकली नाही. व्यक्तीला मिळालेल्या साहाय्याने व्यक्तीची योग्यता वाढते. समाजाची दृष्टी त्याने आपोआप बदलत नाही. लंडनचा अपुरा अभ्यास पुढे 1920 नंतर पुरा झाला तो सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले 5,000 रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. चार ठिकाणांहून जमविलेल्या आधारावर एक विद्वान उभा राहिला. ज्यांना असे मित्र व असे राजे भेटले नाहीत, त्या हजारोंचे काय झाले, हा प्रश्न बाबासाहेबांनी पुढे आपल्या सार्वजनिक कार्याच्या केंद्रस्थानी ठेवला.

घेणारा हात देणारा झाला

बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 20 जुलै 1924 रोजी झाली आणि सहा महिन्यांच्या आत, 4 जानेवारी 1925 रोजी, तिने सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. महाडचा सत्याग्रह याच्या दोन वर्षांनंतरचा आहे. आधी वसतिगृह आणि मग चवदार तळे, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. खेड्यातील महारवाड्यात दिवा नव्हता, पुस्तक नव्हते आणि माध्यमिक शाळा तर तालुक्याच्या गावी. तेथे अस्पृश्य मुलाला भाड्याने खोली कोण देणार? फी माफ झाली तरी त्याने निजावे कोठे आणि जेवावे कोठे? म्हणून वसतिगृह हीच खरी शिष्यवृत्ती होती.

1928 साली स्थापन झालेल्या दलित वर्ग शिक्षण संस्थेमार्फत आणखी वसतिगृहे निघाली. त्यांतील एक धारवाडचे होते. जेथे 1856 साली एका मुलाला शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्याच गावी आता त्याच्या समाजाच्या मुलांचे हक्काचे निवासस्थान झाले. बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. वसतिगृहातील धान्य संपले असता माता रमाईने आपल्या बांगड्या काढून दिल्या, ही तेथील आठवण आपल्या समाजात आजही सांगितली जाते. रामजींच्या लेकींनी जे भावासाठी केले, तेच रमाईने समाजाच्या मुलांसाठी केले.

1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील व परदेशातील उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची मागणी केली. शास्त्र व तंत्रविषयक शिक्षणावर त्यांचा विशेष भर होता. या प्रयत्नांतून 1944-45 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना अस्तित्वात आली. पहिल्या वर्षी तिचा लाभ 114 विद्यार्थ्यांना झाला. 1948-49 पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. संख्या लहान होती, परंतु तत्त्व मोठे होते. या विद्यार्थ्यांना कोणा महाराजांची भेट घ्यावी लागली नाही, कोणाची शिफारस शोधावी लागली नाही. जे एका भीमरावाला कृपेने मिळाले होते, ते आता नियमाने मिळू लागले.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी (1945), मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय (1946) आणि औरंगाबादचे महाविद्यालय (1950) हा याच कार्याचा पुढला टप्पा. निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात खेड्यापाड्यांतली मुले पत्र्याची पेटी घेऊन आली, ती या परिसरात राहिली आणि शिकली. त्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव लाभले, यातही अर्थ आहे. राजाने प्रश्न विचारावा आणि भिक्खूने निर्भयपणे उत्तर द्यावे, असे नाते विद्येनेच शक्य होते.

धम्म आणि शिष्यवृत्ती

14 ऑक्टोबर 1956 नंतर या इतिहासात एक कठीण पर्व आले. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडलेल्या होत्या. बौद्ध म्हणून नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सवलतींवर पाणी सोडावे लागले. 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. ते 1990 साली आदेशात दुरुस्ती होऊन उघडले. मधल्या चौतीस वर्षांत कित्येक घरांत एकच प्रश्न होता. शाळेच्या दाखल्यावर काय लिहावे? 'बौद्ध' लिहिले तर मुलाचे शिक्षण अडचणीत येई. जुनी जात लिहिली तर दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञांना बाध येई. ज्यांनी बौद्ध लिहिले त्यांनी आपल्या श्रद्धेची किंमत मुलांच्या भवितव्याने मोजली. ज्यांना ते शक्य झाले नाही, त्यांना दोष देण्याचा अधिकार पोटभर जेवून शिकलेल्यांना नाही. दोष होता तो दान आणि हक्क यांमध्ये धर्माची भिंत घालणाऱ्या नियमाचा.

या काळात धम्मबंधूंकडूनही साहाय्य आले. इंग्लंडमधील बौद्धांनी 1980 साली सुरू केलेल्या आणि पुढे करुणा ट्रस्ट या नावाने परिचित झालेल्या संस्थेचे कार्यकर्ते तेथील घरोघरी जाऊन निधी गोळा करीत. त्यातून महाराष्ट्रात बहुजन हिताय या नावाने वसतिगृहे उभी राहिली. दात्याने विद्यार्थ्याला पाहिलेले नसते आणि विद्यार्थ्याने दात्याला. तरीही मधला विश्वास टिकतो. दानपारमितेचे हे आधुनिक रूपच होय.

आजचे कर्तव्य

वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला निवास व भोजनाचा खर्च देणारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना महाराष्ट्र शासनाने 2016-17 पासून सुरू केली. नालंदेला जे ठाऊक होते, ते शासनानेही मान्य केले असा याचा अर्थ. परंतु रक्कम मंजूर होणे आणि ती वेळेवर हाती पडणे यांत अंतर असते. जानेवारी 2016 मध्ये हैदराबाद येथे प्राण त्यागणाऱ्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती येणे असल्याचे लिहून ठेवले होते. 1917 साली शिष्यवृत्ती संपली तेव्हा एक अभ्यास खंडित झाला होता. स्वतंत्र भारतात खंड पडला तर त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे त्या पत्राने दाखविले.

म्हणून हक्कासाठी झगडणे आणि दान देणे ही दोन परस्परविरोधी कामे नव्हेत. शासनाची रक्कम मिळेपर्यंतचे महिने कोणी तरी सांभाळावे लागतात. ज्या घरात या शिष्यवृत्तीमुळे पहिला पदवीधर झाला, त्या घराने वस्तीतील एका मुलाच्या अन्नाचा, एका मुलीच्या निवासाचा भार उचलावा. विहारात वंदनेनंतर विद्यार्थ्यांसाठी दिवा, टेबल आणि ग्रंथ असावेत. अनाथपिण्डिकाने जेतवनाची भूमी सुवर्णाने आच्छादून विकत घेतली, असे परंपरा सांगते. आपल्याजवळ तितके सुवर्ण नाही. परंतु रमाईजवळ तरी कोठे होते?