घडीची अंधारी खोली

'कॅमेरा' हा शब्द अरबीतून युरोपात गेला, असे आपल्या जलशांतून आणि गौरव समारंभांतून हमखास सांगितले जाते. वक्ता 'कमरा' शब्दावर जोर देतो आणि टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांचा उत्साह आम्हाला समजतो, पण शब्दाचा इतिहास निराळा आहे. 'कामेरा' हा लॅटिन शब्द, त्याआधी ग्रीक. अर्थ कमानीच्या छताची खोली. पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला आणि उर्दूने त्याचा 'कमरा' करून घरात घेतला. म्हणजे आपण बसतो तो कमरा आणि फोटो काढतो तो कॅमेरा हे सख्खे भाऊ आहेत. फक्त त्यांचा बाप अरब नाही. अरबीत 'कमर' म्हणजे चंद्र.

खोटा अभिमान बाळगायची गरजही नाही, कारण खरा आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत आयुष्य घालवलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाजिर' लिहिली. ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आत येणारा सूर्य चंद्रकोरीसारखा का दिसतो, यावर त्यांचा स्वतंत्र प्रबंध आहे. छिद्रातून प्रतिमा पडते हे त्यांच्या आधी चीनमध्ये आणि ग्रीसमध्येही लोकांनी पाहिले होते. ती का पडते, छिद्र मोठे केले तर का विरते, हे प्रयोगाने तपासणारे मात्र हे होते. त्यांनी या खोलीला म्हटले 'अल-बैत अल-मुजलिम', अंधारे घर. बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडून आणि समोर बटर पेपर लावून आम्ही हा धडा वर्गात शिकवतो. खिडकीबाहेरचे झाड उलटे दिसले की मुले ओरडतात. हजार वर्षांत यात फरक पडलेला नाही.

पुढची आठशे वर्षे ही खोली होती, पण तिच्या भिंतीवर पडलेले चित्र धरून ठेवता येत नव्हते. ते एकोणिसाव्या शतकात जमले आणि मग निराळाच प्रश्न उभा राहिला. खोली उचलून न्यायची कशी?

इजिप्तच्या लष्करातील अभियंता मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिना शरीफचे फोटो काढले आणि १८८० मध्ये हजच्या काफिल्यासोबत जाऊन मक्केचे. या दोन्ही शहरांचे हे पहिले ज्ञात फोटो. त्या काळची रीत ओल्या काचेची होती. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, धुऊन काढायची. त्यासाठी काचा, बाटल्या, पाणी आणि अंधारा तंबू बरोबर लागे. हिजाजच्या उन्हात हे करणे काय असेल, याची कल्पना केलेली बरी.

त्यानंतर थोड्याच वर्षांत मक्केचेच एक हकीम, सय्यद अब्दुल गफ्फार, फोटो काढू लागले. डच विद्वान स्नूक हुर्खोन्ये १८८५ मध्ये मक्केत होते, तेव्हा दोघांचा संबंध आला. स्नूक यांना मक्का सोडावी लागल्यावर हकीमसाहेब त्यांना फोटो पाठवत राहिले. ते १८८९ मध्ये 'बिल्डर आउस मेक्का' या संग्रहात छापले गेले. मूळ फोटोंवर अरबीत छायाचित्रकाराची सही होती. छापताना ती पुसली गेली. मक्केच्या पहिल्या स्थानिक छायाचित्रकाराचे नाव लोकांपर्यंत पोहोचायला पुढे कित्येक दशके गेली.

आपल्याकडे काय होते? मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहणारे बहुतेक 'नमुने' होते. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईच्या जातीजमातींवरील ग्रंथात (१८६३ आणि १८६६) आणि सरकारने काढलेल्या 'पीपल ऑफ इंडिया'च्या आठ खंडांत (१८६८ ते १८७५) माणसांच्या फोटोखाली बहुधा जात आणि धंदा लिहिलेला असे, माणसाचे नाव क्वचितच. लखनौचे दारोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये 'लखनौ अल्बम' काढला तो मोठा अपवाद. एरवी आपला फोटो दुसऱ्याने काढायचा, दुसऱ्याच्या कामासाठी.

हे बदलायला खोलीची घडी व्हावी लागली. हार्मोनियमला असतो तसा भाता कॅमेऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच होता, पण जोवर आत काच होती तोवर घडी घालून फारसा फायदा नव्हता. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये गुंडाळीवर चालणारा कोडॅक आणला, पुढल्याच वर्षी कागदाच्या जागी सेल्युलॉइड आले. १८९८ च्या सुमारास फोल्डिंग पॉकेट कोडॅक निघाला. झाकण उघडायचे, भाता पुढे ओढायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा मिटवून कोटाच्या खिशात. १९१२ चा व्हेस्ट पॉकेट कोडॅक मिटल्यावर जेमतेम इंचभर जाडीचा होता. १९२६ पर्यंत तो सुमारे २० लाख विकला गेला. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खासगी कॅमेरा जवळ बाळगू नये असा ब्रिटिश लष्कराचा हुकूम होता, तरीही तो खंदकांत पोहोचलाच. १९२९ मध्ये जर्मनीच्या झाइस इकॉनने इकोंटा काढला. बटण दाबताच त्याचा भाता आपोआप पुढे येई. व्होइगलेंडरचा बेसा, आग्फाचा इझोलेट ही त्याची भावंडे.

इब्न अल-हैसम यांचे अंधारे घर असे शेवटी शेरवानीच्या खिशात मावले.

या कॅमेऱ्यांनी फोटो काढणे ही हिशेबाची गोष्ट आहे. १२० क्रमांकाच्या रोलवर ६ बाय ९ सेंटिमीटरचे आठच फोटो बसतात, चौकोनी काढले तर बारा. समोरच्या माणसाचे अंतर डोळ्याने अजमावून भिंगाभोवतीच्या आकड्यांवर लावायचे. प्रकाशही अंदाजानेच. मागच्या झाकणात लाल काचेची छोटी खिडकी असते. किल्ली फिरवली की रोलच्या पाठकागदावरचे आकडे तिच्यातून सरकताना दिसतात. किल्ली फिरवायला विसरलात तर ईदगाह आणि मामूजान एकाच फोटोत एकमेकांवर. जुन्या भात्याच्या कोपऱ्याला टाचणीएवढे भोक असले तरी फोटोवर पांढरा पट्टा येतो. म्हणून आजही हौशी मंडळी असा कॅमेरा चोरबाजारातून आणला की अंधारात नेऊन भात्यात टॉर्च लावून पाहतात. बाकी यंत्राला बॅटरी नाही, तार नाही. सत्तर-ऐंशी वर्षांचा इकोंटा आजही चालतो आणि १२० चा कृष्णधवल रोल आजही बनतो.

ती खिडकी लालच का, याचे उत्तर आपल्या घरच्या जुन्या फोटोंत दडले आहे. त्या काळच्या बहुतेक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल प्रकाशाने ती खराब होत नसे, म्हणून लाल खिडकी आणि म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा. पण याचा दुसरा परिणाम असा की लाल वस्तू फोटोत काळी येई. दादीच्या निकाहाच्या फोटोतला शालू काळा दिसतो, तो काळा नव्हता. मेंदीचे हात काजळ लावल्यासारखे दिसतात. गव्हाळ चेहरे होते त्याहून सावळे झाले आणि निळे आकाश पांढरेफटक. कोडॅकची घरोघरी चालणारी व्हेरिक्रोम फिल्म १९३१ ची, तिला लाल दिसत नव्हता. सगळे रंग ओळखणारी व्हेरिक्रोम पॅन आली ती १९५६ मध्ये. जुना फोटो म्हणजे जसेच्या तसे सत्य असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

निगेटिव्ह मोठी असल्याने एन्लार्जर लागत नसे. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड दाखवला की तेवढ्याच आकाराचा फोटो तयार. बश्यांत डेव्हलपर आणि हायपो, एक लाल दिवा, रात्रीचा मोरीतला अंधार, एवढ्यावर काम होई. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. पडदा पाळणाऱ्या घरांसाठी खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हता, कॅमेऱ्यामागच्या परक्या पुरुषाचा होता. निजामाच्या हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये जनाना स्टुडिओ काढला, तिथे बायकांचे फोटो एक इंग्रज बाई काढीत. पण तिथपर्यंत पोहोचणार कोण? अमीर-उमरावांच्या बेगमा. आपल्या मराठवाड्यातल्या मुन्शी-मास्तरांच्या घरची बाई नव्हे. घडीच्या कॅमेऱ्याने हा प्रश्न मुकाट्याने सोडवला. नवऱ्याने किंवा भावाने अंगणात फोटो काढला, रात्री घरातच धुतला, तर तिसऱ्याची नजर पडायचे कारण उरत नव्हते.

राहिला शरीयतचा प्रश्न. तो या आकाराच्या लेखात मिटणारा नाही आणि मिटवायचा आम्हाला अधिकारही नाही. मात्र त्या वादात अंधाऱ्या खोलीचे शास्त्र कसे आले ते पाहण्यासारखे आहे. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी पुस्तिका लिहून मांडले की फोटोत माणूस काही घडवत नाही, आरशात पडते तसे पडलेले बिंब फक्त अडवून धरतो. उलट देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांचे म्हणणे असे की आरशातले बिंब माणूस हलताच नाहीसे होते, टिकवलेले बिंब मग ते हाताने असो वा यंत्राने, तस्वीरच. दोघांचाही रोख एकाच क्षणाकडे आहे, बिंब कागदावर थांबते त्या क्षणाकडे. उर्दूने आपला शब्द पहिल्या बाजूने निवडला. 'अक्स' म्हणजे प्रतिबिंब आणि फोटोग्राफर तो 'अक्कास'. १९१२ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या मौलाना आझादांच्या 'अल-हिलाल'मध्ये फोटो छापले जात होते.

सही पुसण्याची गोष्ट वर आली. त्यावर कोडॅकने, अर्थात मक्केशी काही संबंध नसताना, एक गमतीचा तोडगा काढला होता. १९१४ पासून निघालेल्या ऑटोग्राफिक कॅमेऱ्यांच्या पाठीला एक बारीक झडप असे. फोटो काढला की झडप उघडून धातूच्या कलमाने आतल्या कागदावर नाव, गाव, तारीख लिहायची आणि काही सेकंद उजेड दाखवायचा. अक्षरे निगेटिव्हच्या कडेलाच उमटत. हेन्री गेस्मन यांच्याकडून ही युक्ती विकत घ्यायला ईस्टमन यांनी ३ लाख डॉलर मोजले. पण १९३० नंतर ती बंद पडली. लोक फोटो काढून मोकळे होत, नाव लिहायचा कंटाळा करीत.

आपल्याकडे नावे लिहिली गेली ती फोटोच्या पाठीवर. आणि तिथे आता निराळीच अडचण आहे. लिहिणाऱ्यांनी उर्दूत लिहिले, नातवंडे मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकली. त्यांना त्या ओळी वाचता येत नाहीत. म्हणून लोक फोटो घेऊन आमच्यासारख्या उर्दू शाळेच्या मास्तरांकडे येतात. वाचून झाले की आम्ही त्यांना निगेटिव्हबद्दल विचारतो. त्या बहुधा पेटीत असतात. १९५० च्या आधीच्या असतील तर नायट्रेटच्या असण्याचा संभव आहे आणि ते लगेच पेट घेते. त्या उष्णतेपासून दूर आणि वेगळ्या ठेवाव्यात. त्यानंतरच्यांना सिरक्यासारखा वास येऊ लागला असेल तर त्या गळायला लागल्या आहेत, आधी त्यांची नक्कल करून घ्यावी. भारतीय बनावटीची 'इंदू' फिल्मही कधी निघते. उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना १९६७ मध्ये उत्पादन करू लागला, पुढे तो बंद पडला. इंदू म्हणजे चंद्रच, जलशातल्या वक्त्यांना ही खबर द्यायला हवी.

गेल्या वर्षी आलेला एक फोटो ६ बाय ९ चा, कडा कातरलेल्या. तीन पुरुष, दोन मुले, आणि चौकटीत पाठमोरी एक बाई, तिची ओढणी काळी म्हणजे बहुधा लाल. पाठीवर पेन्सिलीने लिहिले होते, 'ईदुल फित्र, १३५६ हिजरी'. म्हणजे डिसेंबर १९३७. खाली पुरुषांची आणि मुलांची नावे क्रमाने. बाईच्या जागी फक्त 'घर में से'. आणि सगळ्यात खाली, 'अक्स' असा शब्द लिहून पुढे फोटो काढणाऱ्याचे नाव. फोटो आणणाऱ्या मुलाने ते नाव याआधी कधी ऐकले नव्हते. घरी जाऊन दादीला विचारतो म्हणाला.