आर्मेरो : दोन तास सत्तावीस मिनिटं

कोलंबियाच्या तोलिमा प्रांतात आर्मेरो नावाचं गाव होतं. वस्ती सुमारे २८,७००. आजूबाजूला कापसाची शेती, त्यामुळे लोक त्याला 'पांढरी नगरी' म्हणत. गावापासून सरळ रेषेत ४८ किलोमीटरवर नेवाडो देल रुईस हा ५,३०० मीटरहून उंच ज्वालामुखी आहे. नदीच्या वाटेने त्याचं विवर ७४ किलोमीटर दूर. शिखरावर बाराही महिने बर्फ असतो. तो तेव्हा सुमारे २५ चौरस किलोमीटरवर पसरलेला होता. त्या बर्फाखालून निघणारी असुफ्रादो नदी लागुनियाला मिळते. लागुनिया डोंगरातली अरुंद घळ सोडून सपाटीवर येते, त्या तोंडाशीच आर्मेरो वसलं होतं.

१९ फेब्रुवारी १८४५

रुईसवरून आलेला चिखलाचा लोंढा लागुनियाच्या घळीतून सपाटीवर पसरला. सुमारे १,००० माणसं मेली. होआकिन आकोस्ता या अभ्यासकाने त्याचं वर्णन लिहून ठेवलं. त्याही आधी, १५९५ मध्ये, असाच लोंढा येऊन ६३६ माणसं गेली होती. तीही नोंद उपलब्ध होती. पुढे १८९५ मध्ये नवं गाव वसलं ते १८४५ च्या चिखलाच्या थरावर.

नोव्हेंबर १९८४

डोंगर हलू लागला. विवरातून नेहमीपेक्षा जास्त वाफ येऊ लागली, गिर्यारोहकांना धक्के जाणवले. एवढ्या मोठ्या ज्वालामुखीवर तेव्हा एकही भूकंपमापक यंत्र नव्हतं.

जुलै १९८५

पहिली यंत्रं बसायला आठ महिने लागले. ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि साधी होती. काजळी धरलेला कागद एका फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला, त्यावर सुई रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ हलायची. ती रेघ शहरात बसून त्याच क्षणी पाहण्याची सोय नव्हती. कागद भरला की माणसाने जायचं, तो उतरवायचा, खाली आणायचा, मग वाचायचा. डोंगर काय करत होता ते कागदावर उमटत होतं, पण माणसांना ते नंतर कळत होतं.

११ सप्टेंबर

विवरात वाफेचा स्फोट झाला. त्याने वितळलेल्या बर्फाचं पाणी चिखल होऊन असुफ्रादोच्या घळीतून २७ किलोमीटर खाली आलं आणि थांबलं. नदी तीच, वाट तीच. दोन महिन्यांनंतर जे होणार होतं त्याची ही लहान आकाराची नक्कलच होती.

आर्मेरोचे महापौर रामोन आंतोनिओ रोद्रिगेस अस्वस्थ होते. गावाच्या वरच्या अंगाला दरड कोसळून लागुनिया अडली होती आणि मागे पाणी साठलं होतं. तो बांध फुटला तर गाव जाईल, हे ते वरिष्ठांना सांगत राहिले. धोका नदीतून येईल हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

२४ सप्टेंबर

काल्दास प्रांताच्या एका लोकप्रतिनिधीने रुईसचा प्रश्न थेट संसदेत मांडला आणि सरकार काय करतं आहे ते विचारलं. लोकांना उगाच भेडसावू नये, असा उत्तरांचा सूर होता.

७ ऑक्टोबर

इंजेओमिनास ही सरकारी भूगर्भ संस्था. तिच्या शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला. उद्रेक झाला तर बर्फ वितळून चिखलाचे लोंढे येतील, ते कुठल्या नद्यांतून येतील आणि कुठल्या गावांवर जातील, हे त्यात होतं. आर्मेरो लोंढ्याच्या वाटेत दाखवलेलं होतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळतो तो हा नकाशा. शास्त्रज्ञांचं काम चुकलं नव्हतं. थोडा वेळ, तुटपुंजी यंत्रं आणि जुने दस्तऐवज एवढ्या भांडवलावर त्यांनी जे रेखाटलं, ते पाच आठवड्यांनी बहुतांशी खरं ठरलं. बिघडलं ते नकाशा माणसांपर्यंत नेताना. बोगोटातल्या एका मोठ्या दैनिकाने त्याची रंगीत आवृत्ती छापली. तिच्यावर अंतराचं प्रमाण नव्हतं. कोणता रंग कशासाठी ते सांगणारी सूची नव्हती. चिखल कुठे थांबेल याची रेषा नव्हती. आणि आर्मेरो हिरव्या रंगात होतं. हिरवा म्हणजे सुरक्षित, हे कुणालाही न शिकवता कळतं. वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितलं, की असा काही नकाशा होता हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जमिनी, घरं आणि धंदे यांच्या किमती पडतील म्हणून नकाशाला विरोधही झाला.

६ नोव्हेंबर

एम-१९ या बंडखोर संघटनेने बोगोटातलं न्यायभवन ताब्यात घेतलं. लष्कर आत घुसलं. दोन दिवसांत शंभराच्या आसपास माणसं मेली, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे अकरा न्यायमूर्ती होते. पुढचा आठवडाभर सरकारचं आणि देशाचं लक्ष त्या जळक्या इमारतीवर होतं.

१२ नोव्हेंबर

शास्त्रज्ञांची एक तुकडी विवरापर्यंत चढून गेली. त्यांना वेगळं काही दिसलं नाही. ते खाली उतरले.

१३ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३:०६

विवरात स्फोट झाला. डोंगराच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्यांनी खालून आलेली घरघर ऐकली. राखेचा लोट वाऱ्याबरोबर ईशान्येला निघाला.

आर्मेरोच्या हातात साडेआठ तासांना एक मिनिट कमी होतं.

दुपारी ४ च्या सुमारास

नागरी संरक्षण दलाकडून स्फोटाची बातमी इंजेओमिनासपर्यंत पोहोचली. गावं रिकामी करायच्या तयारीला लागा, असा सल्ला दिला गेला. तो योग्य होता आणि वेळेत होता.

संध्याकाळी ५:००

आर्मेरोवर राख पडू लागली. लोकांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. काहींनी तोंडाला ओले रुमाल बांधले. स्थानिक रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून घोषणा होत राहिल्या : शांत राहा, घरात राहा.

राखेपुरता तो सल्ला बरोबरच होता. राख नाकातोंडात जाते, म्हणून घरात बसावं. चिखलाचा लोंढा येणार असेल तर घर सोडून उंचावर जावं. दोन्ही धोके एकाच डोंगरातून येत होते आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट होते. लोकांना दिसत होती ती राख.

त्याच वेळी प्रांताची राजधानी इबागे इथे आपत्कालीन समितीची बैठक सुरू झाली.

संध्याकाळी ७ च्या सुमारास

बैठक दोन तासांहून थोडी अधिक चालली. ती संपल्यावर सदस्यांनी रेड क्रॉसशी संपर्क साधला : आर्मेरो, मारिकिता आणि ओंदा ही गावं रिकामी करायला हवीत. इबागेच्या रेड क्रॉसने आर्मेरोच्या अधिकाऱ्यांना तसं कळवलं.

आदेश निघाला होता आणि गावापर्यंत पोहोचलाही होता. डोंगर अजून फुटायचा होता. लोंढा सुटायला दोन तास होते आणि तो गावात यायला त्यावर अडीच. गावाला लागून उंचवटा होता, दफनभूमीही उंचावर होती. धडधाकट माणसाला तिथे पायी जायला काही मिनिटं पुरली असती. म्हाताऱ्यांना आणि रुग्णालयातल्या खाटांना जास्त वेळ लागला असता, पण चार तास त्यांनाही पुरेसे होते.

मग जोराचा पाऊस सुरू झाला. विजा कडाडू लागल्या, वीजपुरवठा कोलमडला. राख पडायची थांबली. पाऊस आला, राख गेली, म्हणजे संकट टळलं, असा समज झाला. गाव रिकामं झालं नाही.

रात्री ९:०८

नेवाडो देल रुईस फुटला.

उद्रेक मोठा नव्हता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सने जेवढं द्रव्य बाहेर फेकलं, त्याच्या अवघं ३ टक्के रुईसने फेकलं. पण तापलेली राख, दगड आणि वायू यांचे लोट उतारावरून धावले ते बर्फावरून. बर्फ खरवडला गेला आणि वितळला. एकूण बर्फाचा साधारण दहावा हिस्सा काही मिनिटांत पाणी झाला. हे पाणी सहा नद्यांच्या उगमाकडे निघालं. वाटेत त्याने काठाची माती, दगड, झाडं ओढून घेतली, आणि ओलं सिमेंट वाहावं तसं ते दाट होत गेलं. अशा लोंढ्याला जावामधला शब्द आहे, लाहार. खाली उतरता उतरता काही लाहार मूळ आकाराच्या चौपट झाले. अरुंद घळींत त्यांची जाडी ५० मीटरपर्यंत गेली.

शिखर ढगांत होतं. आर्मेरोत गडगडाट ऐकू येत होता, आणि तो विजांचा आहे असं समजायला कारण होतं.

आर्मेरोसाठी उरले होते दोन तास सत्तावीस मिनिटं. काजळीच्या कागदांवरच्या सुया हलत होत्या.

रात्री ९:४५

इबागे आणि वरच्या अंगाचं मुरियो इथून नागरी संरक्षण दलाची माणसं आर्मेरोच्या अधिकाऱ्यांना गाठायचा प्रयत्न करू लागली. मुरियो डोंगराच्या जवळ, त्यामुळे उद्रेक झाला याबद्दल तिथे शंका नव्हती. संपर्क झाला नाही.

घळीच्या वरच्या टोकाला गावाला सावध करेल असं एकही यंत्र नव्हतं. लाहार येतो आहे हे गावाला कळणार होतं ते लाहार आल्यावरच.

रात्री १०:३० च्या सुमारास

डोंगराच्या दुसऱ्या, पश्चिम अंगाला चिंचिना नदीतून उतरलेल्या लाहारने चिंचिना गावातली सुमारे ४०० घरं नेली. तिथे सुमारे १,८०० माणसं मेली. ही बातमी आर्मेरोत पोहोचली असती, तर अजून एक तास हाताशी होता.

रात्री ११ नंतर

महापौर रोद्रिगेस हौशी रेडिओवर बोलत होते. दुसऱ्या टोकाला ऐकणाऱ्यांनी नंतर सांगितलं, की फारसा धोका आहे असं त्यांना वाटत नव्हतं. सप्टेंबरपासून नदीच्या धोक्याबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा हाच माणूस होता. त्यांना मी दोष देऊ शकत नाही. डोंगर फुटल्याचं त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं.

भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक गट त्या रात्री आर्मेरोच्या हॉटेलात मुक्कामाला होता. ज्वालामुखी म्हणजे काय हे शिकलेली ही मुलंसुद्धा घोषणा ऐकून आतच थांबली होती.

रात्री ११:२५

आधी पाणी आलं. दरडीने अडवलेला वरचा साठा लाहारने पुढे ढकलला होता. रस्त्यावरच्या गाड्या उलटल्या.

काही लोक पळत सुटले. जे उंचवट्याच्या दिशेने पळाले त्यांच्यापैकी बरेच वाचले.

रात्री ११:३५

चिखल आला. पहिली लाट दहा ते वीस मिनिटं चालली, तिचा वेग सेकंदाला १२ मीटर होता. दुसरी अर्धा तास चालली. मग लहान लाटा आणि एक तिसरी मोठी. सगळं मिळून जवळपास दोन तास. गावाचा ८५ टक्के भाग चिखलाखाली गेला. महापौर त्या रात्री मेले. रुग्णालय गेलं, आणि जखमींवर उपचार करू शकले असते ते डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या.

१४ नोव्हेंबर, पहाट

पिकांवर फवारणी करणाऱ्या एका छोट्या विमानाचा वैमानिक आर्मेरोवरून उडाला. गाव जागेवर नाही, असं त्याने रेडिओवर कळवलं. देशाला खरी बातमी अशी मिळाली.

बचावपथकं पोहोचायला आणखी कित्येक तास लागले. चिखलात पाय घातला की माणूस कंबरेपर्यंत रुतायचा.

१६ नोव्हेंबर

ओमायरा सांचेस या तेरा वर्षांच्या मुलीचे पाय कोसळलेल्या घराखाली अडकले होते आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात होती. पाणी उपसायला पंप वेळेत मिळाला नाही. सुमारे साठ तासांनी तिने प्राण सोडला. फ्रांक फूर्निये यांनी काढलेलं तिचं छायाचित्र जगभर गेलं.

त्यानंतर

मृतांचा एकूण आकडा २३,००० च्या वर. त्यांतले २०,००० हून अधिक एकट्या आर्मेरोचे, म्हणजे गावातल्या दर चार माणसांमागे जवळपास तीन.

१९८६ मध्ये मानिसालेस शहरात रुईसवर नजर ठेवणारी वेधशाळा सुरू झाली. डोंगरावरच्या यंत्रांच्या नोंदी आता तिथे त्याच क्षणी पोहोचतात आणि पाळीपाळीने माणसं त्या रात्रंदिवस पाहतात. त्याच वर्षी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ज्वालामुखीच्या संकटात इतर देशांना शास्त्रज्ञ आणि यंत्रं पुरवणारं पथक उभं केलं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला तेव्हा हे पथक स्थानिक शास्त्रज्ञांसोबत तिथे होतं. तो उद्रेक रुईसपेक्षा कितीतरी पटींनी मोठा होता. त्याच्या आधी हजारो लोकांना तिथून हलवलं गेलं होतं.

आर्मेरो त्या जागी पुन्हा वसवलं नाही. कारभाराचं ठाणं ग्वायाबालला हलवलं. जुन्या गावाची जमीन दफनभूमी म्हणून जाहीर झाली.