व्यक्ती तितक्या प्रकृती

भाईंदरहून आम्ही बोलतोय. आमच्या बचत गटातल्या एका ताईंना आतड्याच्या कॅन्सरवर केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्यातच तोंड सोललं, जुलाब थांबेनात, ताप चढला. "केमो म्हटलं की हे व्हायचंच," म्हणत आम्ही तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी लोकलने मुंबईला नेलं, तेव्हा पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. ताई वाचल्या. तिथे आम्ही एक नाव पहिल्यांदा ऐकलं: डीपीडी. आज त्याचीच गोष्ट.

1957 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या चार्ल्स हायडेलबर्गर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाइव्ह-एफयू हे औषध पुढे आणलं. परळचं टाटा हॉस्पिटल तेव्हा सोळा वर्षांचं होतं. ते 1941 साली सुरू झालेलं. आतडं, पोट, स्तन अशा कॅन्सरवर हे औषध जगभर वापरात आलं. कॅपेसिटाबिनची गोळीही पोटात गेल्यावर फाइव्ह-एफयूच बनते.

या औषधाचा बराचसा भाग आपलं यकृत मोडून बाहेर टाकतं. ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणजे डीपीडी. न्हाणीघराची मोरी मोकळी असेल तर चार बादल्या पाणी सहज वाहून जातं. मोरी तुंबलेली असेल तर दोन बादल्यांतच घरात पाणी होतं. डोस नेहमीचाच असतो, पण काहींची मोरी जन्मापासूनच अरुंद असते.

औषध सगळ्यांना सारखं झेपत नाही, हे मुंबईला ठाऊक होतं. मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीने काहींच्या रक्तपेशी फुटतात, कारण त्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, असं 1956 साली कळलं. 1963 साली इथल्या संशोधकांनी मुंबईच्या पारशी समाजात हीच कमतरता नोंदवली.

फाइव्ह-एफयूची गाठ मात्र उशिरा सुटली, आणि ती एका बाईमुळे. 1985 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या एका तरुण रुग्णाची हकीकत छापली. औषधाने तिची अवस्था फार वाईट झाली होती. मूळ दोष घराण्यातच होता. पुढे 1988 साली डीपीडीच्या कमतरतेशी त्याचा संबंध उलगडला. 1993 साली जपानमध्ये नागिणीवरच्या सोरिव्ह्युडिन या नव्या औषधाने डीपीडी बंद पाडलं आणि फाइव्ह-एफयूच्या जातीची औषधं घेणारे अनेक रुग्ण दगावले. धोका मोरी तुंबण्याचाच, हे जगाला दिसलं.

तरी तपासणी नियमात यायला खूप वर्षं गेली. 2018 च्या अखेरीस फ्रान्सने औषधाआधी रक्तातलं युरॅसिल मोजायला सांगितलं. डीपीडी कमी असेल तर युरॅसिल साचतं. 2020 साली युरोपच्या औषध संस्थेनेही आधी तपासणी करण्याची शिफारस केली. कमतरता थोडी असेल तर डोस कमी करून सुरुवात करतात. विकर अजिबात नसेल तर हे औषध देत नाहीत.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जनुकांच्या तपासणीत नेहमी बघतात ते चार बदल मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेले आहेत. आपल्यात ते कमी दिसतात. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी अंगाकडे लक्ष हवंच.

तुमच्या घरात केमो ठरली, तर डॉक्टरांना विचारा: "हे फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन आहे का? डीपीडी तपासायची का? आमच्या घरात कुणाला या औषधाचा त्रास झाला होता, हे लिहून घ्या." खर्चाचं काय, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. पहिल्या दिवसांत तोंडात फोड, सतत जुलाब किंवा ताप आला, तर पुढची गोळी घेण्याआधी लगेच दवाखान्याला कळवा. अशा विषबाधेवर युरिडिन ट्रायअॅसिटेट हे औषध आहे, पण ते शेवटच्या डोसनंतर 96 तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही तीन दिवस गप्प बसलो, म्हणजे त्यातले 72 तास गेले.

औषधाला घाबरून ते सोडू नका. ते कित्येकींचा जीव वाचवतं. फक्त आधी विचारा. आणि हे प्रश्न गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा.