रेडिओ डेटा सिस्टीम (आरडीएस)

एफएम प्रसारणात ध्वनीसोबत अंकीय माहिती पाठवून रेडिओ संचाच्या पडद्यावर केंद्राचे नाव, कार्यक्रमाचा प्रकार आणि छोटा मजकूर दाखवणारी प्रणाली. युरोपीय प्रसारण संघाने १९७० च्या दशकात तिच्यावर काम सुरू केले आणि १९८४ मध्ये तिचे तांत्रिक विनिर्देश प्रसिद्ध केले. पुढे त्यांना युरोपीय व नंतर ‘आयईसी ६२१०६’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. अमेरिकेत १९९३ मध्ये ‘आरबीडीएस’ नावाने तिची किंचित वेगळी आवृत्ती स्वीकारली गेली.

संकेताची रचना : स्टिरिओ एफएम प्रसारणात १९ किलोहर्ट्झचा मार्गदर्शक स्वर असतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे ५७ किलोहर्ट्झ वारंवारतेच्या उपवाहक लहरीवर आरडीएसची माहिती चढवतात. ही वारंवारता श्रवणमर्यादेच्या पलीकडची असल्याने कार्यक्रम ऐकताना तिचा अडथळा होत नाही. माहितीचा वेग सेकंदाला ११८७.५ बिट, म्हणजे फारच कमी असतो. १०४ बिटांचा एक गट आणि प्रत्येक गटात २६ बिटांचे चार खंड अशी मांडणी असते. खंडातील १६ बिट माहितीचे, तर १० बिट चूक शोधण्यासाठी व खंडाची जागा ओळखण्यासाठी असतात. सेकंदाला सुमारे ११ गट येतात.

केंद्राची ओळख व नाव : प्रत्येक गटाच्या पहिल्या खंडात केंद्राचा १६ बिटांचा ओळख संकेतांक असतो. तो पडद्यावर दिसत नाही, पण संच केंद्र ओळखतो ते त्यावरूनच. एकच कार्यक्रम अनेक प्रक्षेपकांवरून चालू असेल, तर केंद्र पर्यायी वारंवारतांची यादीही पाठवते. गाडी पुढे जाऊन संकेत क्षीण झाला, की संच यादीतील दुसरी वारंवारता तपासतो आणि संकेतांक तोच असल्यास तिच्यावर जातो.

श्रोत्याला दिसणारे नाव आठ अक्षरचिन्हांचे असते. एका गटातून दोनच चिन्हे येत असल्याने पूर्ण नावासाठी चार गट लागतात. संकेत चांगला असेल तर नाव साधारण सेकंदाभरात जुळते; दुर्बल असेल तर काही चिन्हे उशिरा उमटतात. हे नाव स्थिर ठेवावे, अशी मानकाची अपेक्षा आहे. तरीही काही केंद्रे त्याच जागेत जाहिराती किंवा गाण्यांची नावे सरकवत नेतात. चालत्या गाडीत त्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होऊ शकते. अशा मजकुरासाठी ६४ चिन्हांपर्यंतच्या ‘रेडिओटेक्स्ट’ची स्वतंत्र सोय आहे.

कार्यक्रमप्रकार : यासाठी प्रत्येक गटात पाच बिट राखलेले असतात, त्यांतून ० ते ३१ असे ३२ संकेतांक मिळतात. युरोपीय तक्त्यात १ म्हणजे बातम्या, ४ क्रीडा, ६ नाट्य, १६ हवामान, २८ लोकसंगीत आणि ३१ आपत्कालीन इशारा. प्रक्षेपक फक्त क्रमांक पाठवतो, शब्द संचाच्या स्मृतीतून येतो. त्यामुळे एकच क्रमांक वेगवेगळ्या संचांवर वेगवेगळ्या भाषांत दाखवता येतो. अमेरिकी तक्ता निराळा आहे. तिथे ४ म्हणजे चर्चा, तर क्रीडेसाठी ३ हा क्रमांक आहे. म्हणून दुसऱ्या प्रदेशासाठी बनलेल्या संचावर प्रकार चुकीचा दिसू शकतो. अनेक संचांत प्रकार निवडून त्या प्रकारची केंद्रे शोधता येतात.

लिपी व नव्या पद्धती : आरडीएसचा मूळ चिन्हसंच मुख्यतः लॅटिन अक्षरांचा आहे. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या संचांवर भारतीय केंद्रांची नावे रोमन लिपीतच दाखवावी लागतात. सुधारित मानकात ‘यूटीएफ-८’ सांकेतनातील ३२ बाइटांपर्यंतच्या लांब नावाची तरतूद आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह या सांकेतनात तीन बाइट घेते, म्हणून नावात जास्तीत जास्त दहा चिन्हे मावतात. त्यांत काना, वेलांटी आणि हलन्तही मोजले जातात. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी स्वीकारलेल्या डीआरएम या अंकीय प्रसारण पद्धतीतही केंद्राचे नाव यूटीएफ-८ मध्ये पाठवले जाते आणि त्यात १६ चिन्हांपर्यंत जागा असते. मात्र नाव देवनागरीत दिसण्यासाठी त्या लिपीचा टंक संचात असावा लागतो.